थेरपिस्ट शोधताना या चुका टाळा

थेरपिस्टची गरज पडते तेव्हा नेमकं शोधाशोध करायचं त्राण नसतं. झोप उडालेली असते, साधा फोन लावायचाही कंटाळा येतो. मग नकाशावर जवळचं नाव बघून अपॉइंटमेंट घेतली जाते, आणि दोन सेशन्सनंतर निकाल लागतो, ‘थेरपी आपल्याला लागू पडत नाही.’ अशा बऱ्याच लोकांची गाडी थेरपीपर्यंत पोचलेलीच नसते, ती निवडीतच अडकलेली असते.

कोणाकडे जायचं हे न ठरवताच निघणं

सायकायट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषधं देतात, आणि बऱ्याच ठिकाणी सविस्तर बोलायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तिथे तासभर मन मोकळं करायला गेलेला माणूस दहा मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर येतो आणि हिरमुसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, आजारावर थेरपी देतात. नात्यातला तिढा, जवळच्याचा मृत्यू, नोकरीतली घुसमट यासाठी चांगला प्रशिक्षित समुपदेशक पुरेसा असतो.

पण कानात आवाज येत असतील, सगळे आपल्या वाईटावर टपलेत असं ठामपणे वाटत असेल, किंवा झोप नसतानाही कित्येक दिवस अंगात प्रचंड जोर असेल, तर आधी सायकायट्रिस्ट गाठा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहूच नका. कुणाला तरी सोबत घ्या आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, किंवा हेल्पलाइनला फोन करा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. थायरॉईडचं काम मंदावलं, रक्त कमी झालं किंवा बी-१२ घटलं, तरी थकवा, उदासी, विसरभोळेपणा येतो. नेहमीच्या डॉक्टरांना सांगून एकदा रक्त तपासून घ्या.

पदवी पाहणं, पद्धत न विचारणं

पदवी आणि नोंदणी तपासायलाच हवी. जिथे या व्यवसायासाठी सरकारी नोंदणी असते तिथे नोंदणी क्रमांक मागायला अजिबात लाजू नये. पण पदवी खरी असली म्हणजे उपचार तुमच्या त्रासाला लागू पडेलच असं नाही.

ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहून एकच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटण्याच्या आजाराचं उदाहरण घ्या. एक माणूस घराबाहेर पडताना कुलूप वीस वेळा ओढून बघतो. तो एका प्रेमळ समुपदेशकाकडे जातो. ते दर आठवड्याला शांतपणे समजावतात, ‘कुलूप लागलेलंच असतं, काही होणार नाही.’ त्याला तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. मग तो हे वाक्य ऐकण्यासाठीच येऊ लागतो, मधल्या दिवसांत मेसेज करून विचारू लागतो. कुलूप ओढण्याच्या जोडीला आता धीर मागण्याचीही सवय लागलेली असते. यावरचा उपचार दिसायला बराच रुक्ष आहे: कुलूप एकदा लावायचं, जिना उतरायचा, आणि जीव कासावीस झाला तरी परत न जाता ती अस्वस्थता आपोआप ओसरू द्यायची. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली या वळणाचे उपचार मांडले. आज त्यांना ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. ओसीडीसाठी थेरपिस्ट शोधताय आणि समोरच्याला ईआरपी माहीतच नाही, तर पुढचं नाव बघा.

तसंच मोठ्या आघातानंतरच्या त्रासाचं. तिथे आघातावर बेतलेली सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) शिकलेला माणूस लागतो. स्वतःला इजा करून घेण्याची ओढ वारंवार येत असेल तर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या डीबीटीबद्दल, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या थेरपीबद्दल विचारा. आणि ज्यांच्या माहितीत नैराश्य, व्यसन, विवाह, मुलांचा अभ्यास, करिअर असं सगळंच ‘स्पेशलायझेशन’ म्हणून लिहिलेलं असतं, त्यांच्याबद्दल मला तरी शंका येते.

फोनवर फक्त फी आणि वेळ विचारणं

पहिला फोन हीच खरी चाचणी असते. रिसेप्शनिस्टने उचलला तर थेरपिस्टशी दहा मिनिटं बोलता येईल का, असं विचारा. मग आत्मचरित्र नको, एवढंच पुरे: ‘गेले चार महिने गर्दीत छाती धडधडते, म्हणून मी बसने जाणं सोडलंय. असे लोक तुमच्याकडे येतात का? तुम्ही त्यांच्यासोबत नेमकं काय करता?’

‘हो, येतात. पहिली एक-दोन सेशन्स माहिती घेण्यात जातील, मग टाळलेल्या जागी हळूहळू परत जायचा सराव करू, दोन महिन्यांनी आढावा घेऊ’ हे उत्तर चांगलं. ‘तुम्ही या तर खरं, मग बघू’ हे कामाचं नाही. ‘शंभर टक्के बरं करतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. याच फोनवर सेशन रद्द केल्यास फी लागते का आणि गोपनीयता कुठल्या परिस्थितीत मोडावी लागते, हेही विचारून घ्या. जिवाला धोका असेल तर बहुतेक ठिकाणी ती मोडावी लागते, आणि चांगला थेरपिस्ट हे आधीच स्पष्ट सांगतो. प्रश्न विचारल्याचा राग आला, तर तुमची निवड तिथेच सोपी झाली.

ओळखीतला माणूस आणि लांबचा माणूस

आत्याची मैत्रीण थेरपिस्ट आहे म्हणून तिच्याकडे जाऊ नका. पुढच्या लग्नात ती समोर बसलेली असेल. अंतराचंही तसंच. सीबीटीला सहसा १२ ते २० सेशन्स लागतात, बहुधा दर आठवड्याला एक. दोन तास प्रवास करून नामांकित तज्ज्ञाकडे चार वेळा जाण्यापेक्षा, जिथे नेमाने जाता येईल असा जवळचा जाणकार बरा. ऑनलाइनही चालतं, पण दार लावून बोलता येईल अशी खोली हवी.

न पटल्यावर गुपचूप जाणं बंद करणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं, त्यासाठी काय करायचं आणि आपसातला विश्वास. अडलंय ते यातलं नेमकं काय, हे आधी बघा. मग थेट बोला: ‘मागच्या वेळी मी वडिलांविषयी सांगत होतो, तुम्ही लगेच उपाय सुचवलात. मला तेव्हा फक्त ऐकून घ्यायला हवं होतं.’ समोरची व्यक्ती हे कसं घेते यावरून तिथे राहायचं की नाही ते कळतं. कित्येकदा खरी थेरपी या वाक्यानंतरच सुरू होते.

बरं वाटतंय की नाही हे मोजताही येतं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांवरून ० ते २७ गुण मिळतात आणि साधारण ५ गुणांची घट म्हणजे लक्षात येण्याजोगी सुधारणा. सात-आठ सेशन्सनंतरही आकडा हलला नाही, तर ‘पद्धत बदलायची का?’ हा प्रश्न तुम्हीच टेबलावर ठेवा.

काही बाबतीत मात्र चर्चा करत बसू नये. लैंगिक सूचक बोलणं किंवा स्पर्श, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणं, सायकायट्रिस्टने दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला लावणं, तुमच्या धर्माची किंवा लैंगिकतेची टर उडवणं, यातलं काहीही घडलं तर उठून निघा आणि नोंदणी देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करा.

एरवी बदलायचं ठरलं तर शेवटचं एक सेशन त्यासाठीच मागून घ्या. आत्तापर्यंत काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, औषधं असतील तर त्यांची नावं आणि डोस, हे एका कागदावर लिहून घ्या. नव्या थेरपिस्टकडे पहिल्याच दिवशी तो कागद दिला, की सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगण्यात सेशन्स जात नाहीत.