गाडीवरचे गंजलेले टवके बुजवताना या चुका टाळा

कसारा घाटात डंपरच्या मागे अडकलात की बॉनेटवर खडीचा टकटकाट ठरलेलाच. सेकंडहँड गाडी घेतली की आधीच्या मालकाने खाल्लेले टवकेही आपल्याच पदरात पडतात. माझी गाडी ठाण्याच्या पासिंगची, एमएच-०४. नाशिकला आणली तेव्हा बॉनेटच्या कडेला मोहरीएवढे पाच-सहा तांबूस ठिपके होते. टच-अपच्या बाटलीतला ब्रश त्यांच्यावर फिरवला आणि मोकळा झालो. एक पावसाळा गेला, मोहरीचे वाटाणे झाले.

दिसतो तेवढाच गंज धरणे

बाकीच्या बहुतेक चुका या एकीतूनच निघतात. टवका उडाला की पत्रा उघडा पडतो आणि पाणी रंगाच्या कडेखालून आत शिरते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरचा रंग उचलत पसरत जातो. वरून ठिपका मोहरीएवढा दिसतो, खाली तो रुपयाएवढा असू शकतो. त्यावर रंग लावला म्हणजे गंजाला नुसते पांघरूण घातले.

म्हणून आधी ब्लेडच्या टोकाने कडा उचलून बघा. जिथपर्यंत रंग पोपड्यासारखा सुटतो तिथपर्यंत काढा, हात आखडता घेऊ नका. मग ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, आणि ३२० ने सभोवतालच्या रंगाची कड उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. घासूनही बारीक खळग्यांत काळे ठिपके उरले तर तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. तो उरलेल्या गंजाचा काळपट, टिकाऊ थर करतो, पण सुट्या पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही. हातमोजे घाला, मास्कही लावा; जुन्या रंगाची धूळ छातीत जाणे चांगले नाही. लिंबू-मिठाचा घरगुती उपाय मात्र नको. मीठ गंज वाढवतेच.

आतून आलेल्या गंजाला टवका समजणे

दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर रंग फुगलाय, पण दगड लागल्याची खूण नाही? मग गंज आतून बाहेर आलाय. दाराच्या तळाशी पाणी निथळायला भोके असतात, ती मातीने बुजली की पाणी आतच साचते. आधी ती मोकळी करा. पेचकस टेकवल्यावर पत्रा आत जात असेल तर ब्रशचे काम संपले. तिथे कापून वेल्डिंगच करावे लागते. बंपरवर मात्र जीव काढू नका, बहुतेक गाड्यांचा तो प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिक गंजत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारणीआधी जमलंय का हे बघायला आपण त्यात लोखंडी विळा बुडवतो. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. तोच मोरचूद गाडीच्या उघड्या पत्र्यावर उडाला तर तिथेही लोखंड खातो. फवारणीच्या दिवशी गाडी बांधापासून लांब लावा, उडालेच तर लगेच धुवा.

चुकीच्या दिवशी काम काढणे

पावसाळ्यात घासलेल्या पत्र्यावर काही तासांतच पुन्हा तांबूस झाक येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रंग लवकर वाळत नाही आणि सकाळी दव पडते. मेच्या उन्हात बॉनेट तव्यासारखे तापते, थिनर भर्रकन उडून रंगात बुडबुडे राहतात. दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस किंवा फेब्रुवारी उत्तम, आणि गाडी सावलीत हवी.

घासणे आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, एकाच दिवशी उरका. मध्ये पत्र्याला बोटे लावू नका, घामातले मीठ पुरेसे असते. साधा प्रायमर ओल शोषतो. नुसता प्रायमर मारून गाडी महिनाभर फिरवणाऱ्यांचा गंज म्हणूनच परत येतो. इपॉक्सी प्रायमर जास्त भरवशाचा, पण तो आधी लावलेल्या कन्व्हर्टरवर चालतो का हे डब्यावर वाचूनच घ्या.

रंग डोळ्यांनी जुळवणे

‘पांढरा द्या’ म्हणून रंग मिळतो, तुमचा मिळत नाही. रंगाचा कोड बहुधा बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. कोड बरोबर असूनही दहा वर्षे उन्हात फिकटलेल्या गाडीवर थोडा फरक दिसणारच, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. पातळ थर द्या, प्रत्येक वाळू द्या, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर.

काम बिघडलेच तर

रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले तर खाली पॉलिशचा मेणकट अंश राहिलाय. घासण्याआधीच पुसायला हवा होता. सुरकुत्या आल्या तर थर जाड झाला किंवा घाई झाली. क्लिअर कोट दुधाळ दिसला तर हवेत ओल होती. या तिन्हींत वाळू द्यायचे, घासायचे, तेवढाच थर पुन्हा द्यायचा. फुगवटा परत आला तर मात्र थेट पत्र्यापर्यंत जायचे.

गॅरेजला देणार असाल तर एकच सांगा: लांबी (पुट्टी) भरण्याआधी घासलेला पत्रा दाखवा. मोबाईलवर फोटो पाठवला तरी चालेल.