'आर्म्स' म्हणजे शस्त्रं, पण या चुका टाळा

अनुवाद तपासताना सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'आर्म्स' सांगेन. शब्द सोपा वाटतो, म्हणून कुणी शब्दकोश उघडत नाही.

पहिली चूक एकवचनाची. एक बंदूक सापडली की नवशिका लिहितो, 'ॲन आर्म वॉज फाउंड'. याचा अर्थ होतो, एक हात सापडला! शस्त्र या अर्थाचा 'आर्म्स' लॅटिनमधल्या 'आर्मा'वरून आला आणि तो मूळ शब्दच अनेकवचनी. हात या अर्थाचा 'आर्म' जुन्या इंग्रजीतला. एकच शस्त्र असेल तर 'वेपन' लिहा, बंदूक-पिस्तूल असेल तर 'फायरआर्म'. आणि 'आर्म्स'पुढे 'वॉज' नको, 'वेअर' हवं.

दुसरी चूक मला खरोखर छळते. पाणीकपातीवरच्या एका बातमीत रहिवासी 'अप इन आर्म्स' असल्याचं म्हटलं होतं. अनुवाद माझ्याकडे आला तो 'रहिवाशांनी शस्त्रे उपसली' या मथळ्यासह. पान छपाईला जायला जेमतेम अर्धा तास उरला होता. अनुवादकाला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, कोशात हाच अर्थ आहे." कोशातली पहिली ओळ वाचून तो थांबला होता. निवेदन घेऊन गेलेली साधी माणसं आम्ही दंगलखोर ठरवली असती. तिथे 'रहिवासी खवळले' एवढंच हवं होतं. तेव्हापासून 'आर्म्स' दिसला की मी आधी त्याच्या मागचे-पुढचे शब्द वाचतो आणि कोशात अख्खा वाक्प्रचार शोधतो. 'टेक अप आर्म्स' म्हणजे मात्र खरंच शस्त्र हाती घेणं, आणि 'विथ ओपन आर्म्स'मध्ये शस्त्राचा संबंधच नाही, ते मनापासूनचं स्वागत. यंत्राकडून अनुवाद करून घेऊन तो न वाचता पुढे ढकलणाऱ्यांना ही सवय लावून घेणं जड जातं, पण दोन मिनिटांचं तर काम आहे.

'कोट ऑफ आर्म्स' म्हणजे घराण्याचं किंवा राज्याचं मानचिन्ह. त्यात कोट शोधू नका.

'ॲम्युनिशन' म्हणजे दारूगोळा. त्याला 'एस' लावू नका.

खुनात वापरलेला स्वयंपाकघरातला चाकू 'वेपन' ठरतो, त्याला 'आर्म्स' म्हणत नाहीत. 'आर्म्स' म्हटलं की लढाईसाठी घडवलेली शस्त्रं डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या राज्यघटनेतली 1791ची दुसरी दुरुस्ती 'बेअर आर्म्स' म्हणते, त्यातला 'बेअर' म्हणजे बाळगणं.