डोरेमॉनचा प्रकाशन-इतिहास लिहिताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे डोरेमॉन, म्हणजे नोबिता या मुलाकडे भविष्यातून आलेला रोबो-मांजर, आधी टीव्हीवर आला. २००५ साली हंगामा टीव्हीवर हिंदीतून तो सुरू झाला आणि महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी नोबिताचं रडगाणं ऐकत मोठी झाली. त्या पिढीतले काही जण आता पुण्या-मुंबईत जपानी शिकतात आणि वाचनाचा सराव म्हणून मूळ मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, पुस्तकं मागवतात. कांजी (चिनी मुळाच्या) अक्षरांशेजारी बारीक टाइपात उच्चार छापलेले असतात, त्यामुळे ही पुस्तकं नवशिक्यांना झेपतातही. मग कुणी त्यावर लेख लिहितं, कुणी व्हिडिओ करतं, कुणी संग्रह जमवायला घेतं. इथून तारखा आणि आकड्यांचे घोळ सुरू होतात.

बहुतेक घोळांचं मूळ एकच. लोक टीव्हीवरून पुस्तकाकडे जातात आणि तिथेच थांबतात. पण डोरेमॉन जन्मला तो मासिकांत, आणि ती मासिकंही साधी नव्हती. शोगाकुकान या टोकियोच्या प्रकाशनसंस्थेने १९२२ साली सुरुवातच केली ती पाचवी आणि सहावीच्या मुलांसाठी दोन वेगळी मासिकं काढून. पुढे प्रत्येक इयत्तेला आपलं मासिक मिळालं. आपलं 'किशोर' पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं असं निघत असतं तर कसं, तसा प्रकार. मूल वरच्या वर्गात गेलं की मासिकही बदलायचं. हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढचं बरंच आपोआप सुटेल.

१९६९ की १९७०?

दोन्ही साली सुरुवात झाल्याचे उल्लेख सापडतात आणि लोक त्यावर वाद घालतात. वादाचं कारण नाही. जपानी मासिकावर छापलेला महिना पुढचा असतो. जानेवारी १९७० चा अंक मुलांच्या हातात पडला तो डिसेंबर १९६९ मध्ये. तुम्ही अंकाचं नाव सांगताय की विक्रीला येण्याचा महिना, तेवढं स्पष्ट करा. माझ्या मते 'जानेवारी १९७० चा अंक' असंच लिहावं, कारण पुढच्या सगळ्या नोंदी अंकाच्या महिन्यानेच होतात.

त्याआधीच्या, डिसेंबर १९६९ च्या अंकात नव्या मालिकेची जाहिरात होती. ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. टेबलाच्या खणातून काहीतरी उसळी मारून बाहेर येतंय, पण काय येतंय ते काढलेलंच नाही. मालिकेचं नावही नाही. कारण अगदी साधं, जाहिरात छापायची वेळ आली तेव्हा चित्रकार हिरोशी फुजिमोतो यांनाच नायक सुचलेला नव्हता.

'पहिली गोष्ट' म्हणून एकच गोष्ट सांगणं

जानेवारी १९७० मध्ये डोरेमॉन एकदम सहा मासिकांत सुरू झाला. 'योइको' आणि 'योचिएन' ही शाळेआधीच्या मुलांची दोन, आणि पहिली ते चौथीची चार. प्रत्येकात गोष्ट वेगळी काढलेली होती, कारण पाच वर्षांच्या मुलाला कळेल ते दहा वर्षांच्याला बाळबोध वाटणार. पुस्तकाच्या पहिल्या खंडात जी गोष्ट सुरुवातीला आहे, ती चौथीच्या मासिकातली. म्हणून लोक तिलाच एकमेव पहिली गोष्ट समजतात. बाकीच्या पाच बघायच्या असतील तर नोव्हेंबर २०१९ मध्ये, पन्नास वर्षं होत आली तेव्हा शोगाकुकानने काढलेला 'शून्यावा खंड' मिळवा. सहाही गोष्टी त्यात एकत्र आहेत. मालिका आधी, शून्यावा खंड पन्नास वर्षांनी, हे ध्यानात न आल्याने काही जण त्याला मालिकेचं पहिलं पुस्तक ठरवून मोकळे होतात!

शेवट झालाच नाही, किंवा एकदाच झाला, असं लिहिणं

इथे जरा थांबायला हवं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात मजेशीर भागही हाच आहे.

१९७० ते १९७३ या काळात डोरेमॉन चौथीपर्यंतच्याच मासिकांत होता. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. म्हणजे मार्चचा चौथीचा अंक वाचून झाला की त्या मुलांची आणि डोरेमॉनची गाठ सुटली, पाचवीच्या मासिकात तो नव्हताच. त्या मुलांचा निरोप घ्यायला नको? म्हणून मार्च १९७१ च्या चौथीच्या अंकात एक निरोपाची गोष्ट आली. भविष्यातून येणारे पर्यटक भूतकाळात धुमाकूळ घालतात, म्हणून कालप्रवासावरच बंदी येते आणि डोरेमॉनला परतावं लागतं. मार्च १९७२ मध्ये दुसरी. त्यात नोबिता आपल्या पायावर उभा राहावा म्हणून डोरेमॉन बिघडल्याचं सोंग करतो. तो गेल्यावर नोबिता धडपडत सायकल शिकत राहतो आणि डोरेमॉन ते भविष्यातून पाहत असतो. गंमत अशी, की चौथीच्या मुलांना हा निरोप मिळत असताना खालच्या इयत्तांच्या अंकांत डोरेमॉन मजेत डोरायाकी (त्याचा लाडका गोड पदार्थ) खात होता. एप्रिल १९७३ पासून तो पाचवी-सहावीच्या मासिकांतही आला आणि चौथीच्या वार्षिक निरोपाची गरजच उरली नाही.

तिसरा निरोप सगळ्यांना माहीत असलेला. मार्च १९७४, तिसरीचा अंक. डोरेमॉनला निश्चिंतपणे जाता यावं म्हणून नोबिता रात्री एकटाच दांडगट जियानशी भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, पण जियानचा सदरा सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हरलो म्हणतो. सकाळी उजाडतं तेव्हा खोलीत नोबिता एकटा. इथे चित्रकाराच्या मनात खरोखरच मालिका थांबवायचं होतं.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९७४ च्या चौथीच्या अंकात डोरेमॉन परत आला. मासिक बदललं, पण वाचक तेच. मार्चमध्ये तिसरीत रडलेली मुलं एप्रिलमध्ये चौथीत गेली आणि गोष्ट त्यांच्यामागोमाग गेली. कथाही एप्रिल फूलवर बेतलेली. जियान थाप मारतो की डोरेमॉन आलाय. चिडलेला नोबिता डोरेमॉनने ठेवून गेलेलं एक औषध पितो, ज्याने बोललेलं सगळं खोटं ठरतं. मग तो बोलून जातो, की डोरेमॉन आता कधीच येणार नाही. पुढचं सांगायला नको. या दोन गोष्टी 'तिसरी' आणि 'चौथी' अशा दोन मासिकांत नोंदलेल्या दिसल्या की लोकांना ती चूक वाटते आणि ते एक नाव 'दुरुस्त' करतात. तसं करू नका, नोंद बरोबर आहे.

पुस्तकात मात्र ताटातूट झाली आहे. तेंतोमुशी कॉमिक्स या मालेत पहिला खंड १९७४ मध्ये आला. सहाच खंड काढायचे ठरलं होतं, म्हणून सहाव्याचा शेवट या निरोपाने केला. खप एवढा झाला, की १९७५ मध्ये सातवा काढावा लागला आणि त्याची सुरुवात पुनरागमनाने झाली. त्यामुळे सहावा खंड मिटून 'इथे मालिका संपली' असं लिहिणाऱ्यांना निदान सातवा उघडून पाहायला सांगा.

४५ खंड म्हणजे सगळं आलं

नाही. तेराशेहून जास्त गोष्टींपैकी तेंतोमुशी मालेच्या या ४५ खंडांत सव्वाआठशेच्या आसपासच आहेत. निवड चित्रकाराने स्वतः केली होती. क्रमही प्रकाशनाचा नाही. एकाच खंडात वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या इयत्तांच्या गोष्टी मिसळलेल्या सापडतात. म्हणून खंड क्रमाने वाचून 'हळूहळू चित्रशैली कशी बदलत गेली' असले निष्कर्ष काढणं धोक्याचं.

सुरुवातीच्या काळात गाचाको नावाची एक रोबो-बदक डोरेमॉनसोबत राहायची. चार-पाच गोष्टींत ती आली आणि गायब झाली. तिची एकही गोष्ट ४५ खंडांत नाही. त्यामुळे जुन्या अंकाचं पान कुणी दाखवलं तर ते बनावट म्हणून उडवून लावू नका. १९७१ आणि १९७२ चे निरोपही याच कारणाने तुमच्या संचात नसतात.

सगळं हवं असेल तर २००९ पासून निघालेल्या फुजिमोतोंच्या समग्र साहित्यमालेतले डोरेमॉनचे २० खंड बघा. त्यांची मांडणी मला फार आवडते. मुख्य भागात गोष्टी वाचकांच्या जन्मवर्षानुसार लावल्या आहेत. अमुक साली जन्मलेल्या मुलाने पहिलीपासून सहावीपर्यंत जे-जे वाचलं, ते सलग एका जागी. कोणत्या साली गोष्ट छापली हे शोधणाऱ्याचा सुरुवातीला गोंधळ उडतो, पण प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या प्रसिद्धीची नोंद दिलेली असते. संशोधनासाठी हे, घरातल्या मुलांसाठी ४५ खंड, असा माझा सरळ हिशेब आहे.

दोघांनी मिळून काढला?

जुन्या पुस्तकांवर छापलेलं फुजिको फुजिओ हे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको या दोन शाळकरी मित्रांचं एकत्र टोपणनाव. डोरेमॉन फुजिमोतोंचा. १९८७ च्या अखेरीस दोघे वेगळे झाले आणि फुजिमोतो पुढे फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहू लागले. जुन्या छपाईवर जोडनाव, नंतरच्या छपाईवर 'एफ'. पुस्तक एकच, मुखपृष्ठावरचं नाव वेगळं. जुनी प्रत ओळखायला याचा उपयोगच होतो.

टीव्हीमुळे पुस्तक गाजलं

उलट आहे. पहिली टीव्ही मालिका १९७३ ची, एप्रिलमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये बंद पडली. ती अनेकांच्या यादीत नसतेच. टीव्ही आसाहीवर टिकून राहिलेली मालिका २ एप्रिल १९७९ ची. मधल्या काळात पुस्तकांचा खप वाढला, आणि १९७७ मध्ये शोगाकुकानने 'कोरोकोरो कॉमिक' हे जाडजूड मासिक काढलं तेच मुळी डोरेमॉनच्या जोरावर. सुरुवातीच्या अंकांत डोरेमॉनच्या जुन्या गोष्टींची पानंच्या पानं होती.

चित्रपटांशी जोडलेल्या मोठ्या कथाही 'कोरोकोरो'मध्येच सुरू झाल्या. पहिली, डायनासोरची, जानेवारी १९८० च्या अंकापासून. चित्रपट आला मार्चमध्ये. पण दर चित्रपटामागे फुजिमोतोंची मंगा आहे असं धरू नका. १९८८ च्या 'पॅरलल सायुकी' चित्रपटामागे ती नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये ते गेले तेव्हा सतरावी मोठी कथा अर्धवट होती, ती त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरी केली. त्यानंतरच्या चित्रपटांच्या पुस्तकांवर त्यांचं नाव मूळ निर्माता म्हणून असतं. चित्रं दुसऱ्यांची.

'खरा शेवट' फिरवणं

नोबिता कोमात होता, सगळं स्वप्न होतं, हे कुठल्याही अंकात छापलेलं नाही. डोरेमॉनची बॅटरी संपते आणि नोबिता शास्त्रज्ञ होऊन त्याला पुन्हा जागा करतो, हा शेवट दिसायला इतका हुबेहूब आहे, की शहाणी माणसंही फसतात. २००५ मध्ये तो एका हौशी चित्रकाराने पुस्तिका काढून विकला होता. शोगाकुकानने हरकत घेतली, २००७ मध्ये त्याने माफी मागितली आणि विक्रीतून आलेल्या पैशांतला वाटाही दिला. फुजिमोतोंनी मालिकेचा अधिकृत शेवट लिहिला नाही.

हातातल्या प्रतीची तारीख चुकीची वाचणं

जपानी पुस्तकात छपाईची माहिती शेवटच्या पानावर असते आणि तिथे बहुधा दोन तारखा दिसतात. एक पहिल्या मुद्रणाची, दुसरी तुमच्या हातातल्या मुद्रणाची. पहिली पाहून 'माझ्याकडे १९७४ ची प्रत आहे' म्हणणाऱ्यांची कमी नाही, आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यावर पैसेही जातात. साल सम्राटाच्या कारकिर्दीने लिहिलं असेल तर शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, हेइसेइच्या आकड्यात १९८८. शोवा ४९ म्हणजे १९७४. पंचेचाळिसावा खंड हेइसेइ ८ चा, म्हणजे १९९६ चा. शिवाय नंतरच्या मुद्रणांत काही संवाद बदललेले आहेत. त्यामुळे एखादं वाक्य पुरावा म्हणून देताना खंडाच्या क्रमांकासोबत मुद्रणाचा क्रमांकही लिहा.