पगाराच्या स्लिपवरच्या बारक्या ओळी: कंपनीच्या सवलती कशा हुडकायच्या आणि वापरायच्या

माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत झाली, आधी टाइम ऑफिसात आणि मग एचआरच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, तर सोसायटीतली पोरं ऑफर लेटर घेऊन घरी येतात. "मावशी, ही कंपनी कुत्रं पाळलं तर रजा देते. घेऊ का?" घे की बाबा, पण आधी पुढची पानं उलट.

सुरुवात सीटीसीच्या, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चाच्या, तक्त्यापासून करायची. जेवणाचं कार्ड, मोबाइलचं बिल, मेडिक्लेमचा हप्ता, ग्रॅच्युइटी, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, हे सगळं बऱ्याचदा त्याच बेरजेत धरलेलं असतं. बेरजेत धरलेली गोष्ट म्हणजे तुमचाच पगार, नाव बदलून दिलेला. बेरजेबाहेर काय आहे ते एका कागदावर वेगळं लिहा: कंपनीची बस, कॅन्टीन, पाळणाघर, जादा रजा. निगडीहून चाकणला रोज स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला विचारा, बस नसलेल्या कंपनीतला वाढीव पगार पेट्रोलमध्ये किती जातो ते.

मग पॉलिसीची प्रत मागायची, मेलवर. ती वाचताना तीन गोष्टी बघा. प्रोबेशनमध्ये सवलत लागू आहे का, साहेबाची मंजुरी लागते का, आणि वर्षअखेरीला उरलेली बुडते का. गेल्या वर्षी ती खरोखर कुणी घेतली, हे मात्र एचआरला विचारू नका. आम्ही छापलंय तेवढंच सांगतो. ते गेटबाहेरच्या टपरीवर, शिफ्ट सुटताना कळतं.

नवलाच्या सवलतींना मी नाकं मुरडणारी नाही. मुंबईच्या कल्चर मशीन या डिजिटल मीडिया कंपनीने २०१७ मध्ये पाळीच्या पहिल्या दिवशी सुट्टी दिली तेव्हा आमच्या ऑफिसात पुरुषमंडळी हसली होती. २०२० मध्ये झोमॅटोने वर्षाला दहापर्यंत अशा रजा दिल्या, मग हसू जरा ओसरलं. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, तेव्हा तोही असाच नवलाचा होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलने तर १८८६ मध्येच पेन्शन फंड काढला होता. दुपारी दोन ते अडीच झोपायची मुभा बंगळुरूच्या वेकफिट या गाद्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये दिली, त्याचं तेवढं कौतुक मला नाही. ही सवलत आमच्याकडे नाइट शिफ्टवाल्यांनी कॅन्टीनमागच्या बाकावर केव्हाच सुरू केली होती.

सुरतेच्या हिरे व्यापारी सावजी ढोलकियांसारखी दिवाळीला गाडी देणारा मालक भेटला तर नाही म्हणू नका. फक्त गाडी कुणाच्या नावावर, हप्ते कोण भरणार आणि मध्येच नोकरी सोडली तर काय, एवढं किल्ली घेण्याआधी विचारा.

पण महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याची खरी नवलाची सवलत बातम्यांत येत नाही. जून आणि डिसेंबरची स्लिप काढा. 'एमएलडब्ल्यूएफ' अशी ओळ आणि २५ रुपये कपात दिसेल. कंपनी त्यावर ७५ घालते. हा पैसा महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो, १९५३ च्या कायद्याने. मॅनेजर मंडळी यात सहसा बसत नाहीत, पण कारखान्यातले आणि दुकानातले कामगार, क्लार्क बसतात. बदल्यात मुलांना शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांसाठी मदत, एमएस-सीआयटी या संगणक कोर्सच्या फीला हातभार, गंभीर आजारात अर्थसाहाय्य असं बरंच मिळतं. माझ्या टेबलासमोरून वर्षानुवर्षं शेकडो स्लिपा गेल्या आणि अर्ज आणणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. बहुतेकांना ती ओळ प्रोफेशनल टॅक्सची वाटते.

करायचं असं. टाइम ऑफिसातून तुमचा मंडळाकडचा क्रमांक घ्या. नसेल तर कंपनीने तुमचं नाव यादीत पाठवलंय का ते विचारा. कपात झाल्याची स्लिप, मुलाची गुणपत्रिका, रेशनकार्ड, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स एका फायलीत ठेवा. शाळा-कॉलेजं सुरू झाली की शिष्यवृत्तीच्या तारखांसाठी मंडळाची वेबसाइट बघत राहा, किंवा सरळ जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जा. तिथली माणसं नीट सांगतात. आणि नाटकाचं वेड असेल तर मंडळाची नाट्यस्पर्धा आहेच. प्रयोगाच्या दिवशी ड्युटीवर धरतात का, हे आधी साहेबाकडून लेखी घ्या. तालमीच्या रात्री आणि सकाळची शिफ्ट यांचं गणित मात्र तुमचं तुम्ही सोडवा.

पाळणाघराचंही तसंच. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ते पुरवावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं. विश्रांतीची वेळ त्या चारांत धरलेली आहे. "आपल्याकडे जागा नाही" हे उत्तर मिळालं तर जवळच्या पाळणाघराशी करार करा म्हणायचं, आणि चार-पाच जणींनी एकत्र अर्ज द्यायचा. एकटीचा अर्ज ड्रॉवरमध्ये राहतो. मीच तो ड्रॉवर आवरायची, म्हणून सांगते.

पीएफ कापला जात असेल तर त्याच्यासोबत एक विमाही असतो, ईडीएलआय. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात. हप्ता कंपनी भरते, तुमच्या पगारातून एक रुपया जात नाही. मात्र नॉमिनेशन आजच तपासा. लग्नाआधी आईचं नाव टाकून पुढे पीएफच्या पोर्टलकडे फिरकलेच नाहीत, अशी कितीतरी माणसं मी पाहिली. त्यांच्या बायकांना नंतर दाखले गोळा करत फिरावं लागलं. ई-नॉमिनेशन भरायला आधार, फोटो आणि नॉमिनीच्या बँक खात्याचा तपशील लागतो. ते घरी बसून होतं.

जुन्या कारखान्यात कामगारांची पतपेढी असेल तर रुजू झाल्यावर लगेच सभासद व्हा. कर्जाचा अर्ज ओळखीच्या माणसांपुढे जातो आणि हप्ता पगारातून कापला जातो. जामीनदार व्हायला मित्र येतील तेव्हा मात्र माणूस बघून सही करा.

नोकरी सोडताना राजीनाम्याच्या मेलसोबतच दुसरा मेल टाका. पतपेढीचे शेअर्स आणि वर्गणी कधी परत मिळणार, मेडिक्लेम कोणत्या तारखेला बंद होणार, तो स्वतःच्या नावावर चालू ठेवता येईल का, उरलेल्या रजांचे पैसे कोणत्या हिशेबाने मिळणार. उत्तरं शेवटच्या दिवसाआधी मागा, कारण गेटपास जमा केल्यावर एचआरमध्ये तुमचा फोन कुणी उचलत नाही.