पोलीस भरतीच्या ग्राउंडवर पाय जड होतात त्यावर काय करायचं

गावच्या रोडवर रोज १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारणारा पोट्टा भरतीच्या दिवशी पाच-चाळीसला येतो, हे इतक्यांदा बघितलंय की जीव तुटतो. दम कमी नसतो. डोक्यात बाप असतो, पराटीवरचं (कपाशीवरचं) कर्ज असतं, अन् "या खेपेले लागलाच पाह्यजे" म्हणणारा मामा असतो.

होतं असं की टेन्शनमध्ये अंगात अ‍ॅड्रेनालिन चढतं, पहिला राऊंड हलका वाटतो, पोट्टा ४०० मीटर ६८ सेकंदातच मारून टाकतो अन् तिसऱ्या राऊंडला पाय दगड. २० पैकी २० मार्कांना ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे राऊंडला साधारण ७७ सेकंद. मग प्रॅक्टिसमध्ये पहिला राऊंड ७७-७८ मधेच मारा, स्वतः घड्याळ न बघता, मोजायचं काम दुसऱ्याचं. हे इतकं मुरलं पाहिजे की बाजूचे सगळे पुढे सुटले तरी तुमचा स्पीड बदलणार नाही. पोरींनी ८०० ला हेच करायचं.

महिन्यातून दोनदा खोटी भरती घ्या. तालुक्याचं अनोळखी ग्राउंड, छातीवर नंबर, दोन तास नुसतं बसवून ठेवायचं, अन् पळताना कडेला गावातले लोक उभे करायचे, ओरडू द्या त्यांना. दडपणाची सवय दडपणातच होते, एकट्याने रोडवर पळून होत नाही.

गोळ्याला वेगळी गडबड होते. ७.२६ किलोचा गोळा हातात आला की पोट्टे कोपर कुठं, मनगट कसं हे तपासत बसतात, अन् सरावाने आपोआप होणारं काम बिघडतं. एकच शब्द धरा, "ढकल", बस. आपल्या नागपूरच्या तिरंदाज ओजस देवतळेने २०२३ ला बर्लिनच्या तिरंदाजी वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलला १५ बाणांत १५० पैकी १५० घेतले, म्हणजे तेच काम पंधरा वेळा जसंच्या तसं.

नंबर पुकारायच्या आधी छाती धडधडली तर घाबरू नका, शरीर पळायला तयार होतंय. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, पाच-सहा वेळा.

अन् घरच्यांनो, तारीख अख्ख्या गावाला सांगू नका. आदल्या रात्री फोनवर "जेवला का बाबू" एवढंच विचारा, मार्क किती पडले ते पोट्टा घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत विचारू नका.