सोलोला वर गेल्यावर काहीतरी बिनसलं तर काय करायचं

पहिल्या सोलोचं, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने विमान उडवायचं, टेन्शन सगळ्यांनाच असतं, पण त्यात सहसा काही होत नाही, एक सर्किट, म्हणजे रनवेभोवती एक चक्कर, मारून आपण खाली येतो. खरी मजा नंतर. सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्स) २०० तासांत १०० तास पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी आपली) लागतात, एवढा वेळ एकट्याने उडायचं म्हटल्यावर कधी ना कधी काहीतरी नाटक होणारच. मी सेसना १५२ आणि १७२ धरून सांगतोय, तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे त्याच्या पीओएचमधून (विमानाचं अधिकृत हँडबुक) बघा.

इन्स्ट्रक्टर उतरला की विमान एकदम हलकं होतं, भराभर चढतं आणि उतरताना रनवेवर तरंगतच राहतं. हा बिघाड नाही. खाली बसतच नसेल तर सरळ गो-अराउंड मारा, म्हणजे पॉवर देऊन परत वर जा, खाली पोरं बघतायत म्हणून दाबून उतरवायला जाऊ नका, तिथेच नोजव्हील मोडतात.

आता दार. टेकऑफनंतर दार फटकन उघडतं, वारा घोंघावतो, चार्ट उडायला लागतात आणि वाटतं संपलं सगळं. काही संपलेलं नसतं. वाऱ्याच्या दाबामुळे दार दोन-तीन इंचांपेक्षा जास्त उघडत नाही आणि १७२ तशीच व्यवस्थित उडते. घोळ होतो तो माणूस दार ओढायला वाकतो तेव्हा, कारण नोज वर जातं, स्पीड पडतो आणि तेही जेमतेम ३०० फुटांवर. दार राहू द्या तसंच, नोज आणि स्पीड सांभाळा, नेहमीसारखं सर्किट पूर्ण करून उतरा. पीओएचमध्ये हवेत दार लावायची पद्धत दिलीय, पण माझं मत विचाराल तर सोलोवाल्याने त्या भानगडीत पडू नये.

सीटचंही तसंच. टेकऑफ रोलला, म्हणजे रनवेवर धावताना, सीट मागे सरकली आणि हातात योक (नोज वर-खाली करायचं स्टिअरिंग) असेल तर तो पण मागे ओढला जातो. म्हणून स्टार्टच्या आधी सीट हलवून ती लॉक झालीय का बघायचंच.

पावसाळ्यानंतर कुंभारमाशी पिटो ट्यूबमध्ये (एअरस्पीड मोजायची बाहेरची नळी) घर करते, कव्हर लावायला विसरलं की झालं. रोल सुरू झाल्यावर एअरस्पीडचा काटा हललाच नाही तर लगेच थांबा, रनवे शिल्लक आहे तोवर. वर गेल्यावर कळलं तर रोजचाच आरपीएम (इंजिनचे फेरे) आणि रोजचाच नोज ॲटिट्यूड ठेवा, स्पीड आपोआप रोजचाच असतो.

लो व्होल्टेजचा लाइट लागला तर इंजिन बंद पडणार नाही, ते मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) चालतं. चेकलिस्टप्रमाणे अल्टरनेटर रिसेट करून बघा, नाही आला तर नको ते लाइट आणि रेडिओ बंद करून परत या. बॅटरी संपली तर फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्या) येणार नाहीत, सेसनाचे फ्लॅप विजेवरच आहेत, तेव्हा फ्लॅपशिवाय थोड्या जास्त स्पीडने या, रनवे जरा जास्त लागेल.

रेडिओ गप्प झाला तर आधी हेडसेटचा जॅक, व्हॉल्यूम आणि फ्रिक्वेन्सी बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. नाहीच जमलं तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा कोड) लावा, सर्किटमध्ये या आणि टॉवरकडे बघत राहा, तिथून दिवा दाखवतात, स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि चकरा मारत राहा.

इंजिन गेलं तर मात्र विचार करायला वेळ नाही. टेकऑफनंतर लगेच गेलं तर नोज खाली आणि समोर जे मिळेल तिथे, मग नांगरलेलं शेत असलं तरी चालेल, रनवेकडे वळायचं नाही म्हणजे नाही, कारण कमी उंचीवर वळताना स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून विमान पडतं. उंची असेल तर आधी ग्लाइड स्पीड (इंजिनशिवाय सगळ्यात लांब जाता येईल असा स्पीड), १५२ ला ६० नॉट्स, १७२ एसला ६८, मग जागा ठरवा, मग फ्युएल, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो आणि १५२ असेल तर कार्ब हीट (कार्बोरेटरमधला बर्फ काढायची गरम हवा) बघा. वेळ उरला तर ७७०० (इमर्जन्सीचा कोड) आणि रेडिओवर मेडे.

आणि खाली आल्यावर स्नॅग, म्हणजे सापडलेला बिघाड, लिहा, कितीही बारीक असला तरी. इन्स्ट्रक्टर ओरडेल म्हणून गप्प बसाल तर तेच विमान घेऊन पुढचा पोरगा सोलोला जाणार.