ई-रीडर घ्यायचाय? आधी तुमच्या पीडीएफ दाखवा

नारायण पेठेत आमचं अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून एखादी स्मरणिका. त्यामुळे ओळखीत कुणाला ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा झाला की फोन मला येतो. ‘कुठला घेऊ?’ मी विचारते, ‘वाचणार काय, ते सांगा.’ पलीकडे शांतता. यंत्रांची माहिती सगळ्यांनी काढलेली असते, पुस्तकांची कुणीच नाही.

म्हणून पहिलं काम हे: येत्या वर्षात वाचायची दहा पुस्तकं कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर ते ई-पुस्तक कुठे मिळतं ते लिहा. कुठलं यंत्र घ्यायचं हे निम्मं तिथेच ठरतं.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरच्या ऑनलाइन दुकानात डिसेंबर 2016 पासून मराठी पुस्तकं आहेत. यादीतली बरीचशी तिथे सापडली आणि इंग्रजीही वाचत असाल, तर फार डोकं चालवू नका, किंडल घ्या. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवर विकत घेतलेली ई-पुस्तकं मात्र त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात. ती किंडलवर जात नाहीत. त्यासाठी ओनिक्स बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागतो, म्हणजे त्यात ॲप टाकता येतं. तो महाग पडतो आणि चार्जही जास्त वेळा करावा लागतो, पण ज्याची सगळी खरेदी तिथलीच आहे त्याला दुसरा इलाज नाही. कोबो हा आणखी एका कंपनीचा ई-रीडरही चांगला आहे, ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार) थेट उघडतो. मात्र बाहेरून मागवणार असाल तर बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे आधी विचारून घ्या. आणि एका दुकानातून घेतलेलं कुलूपबंद पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडत नाही, हे गृहीत धरूनच चाला.

आता पीडीएफ. मराठी वाचकाकडे सगळ्यात जास्त माल हाच असतो: व्हॉट्सॲपवर आलेल्या, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरून उतरवलेल्या, कुणी स्कॅन करून दिलेल्या. नवा ई-रीडर घेणाऱ्याची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, आणि दोष यंत्राचा नसतो.

पीडीएफची जात ओळखायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. फाइल कॉम्प्युटरवर उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ सिलेक्टच होत नसेल तर ते स्कॅन आहे, म्हणजे पानाचा नुसता फोटो. मराठी उमटलं तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून कळणारी अक्षरं. (त्यातही कधीकधी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पळालेलं दिसेल.) आणि इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस यांचा कचरा उमटला, तर ती आमच्या धंद्याची करणी: श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेलं पान. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी तुकडे बसवलेले असतात. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा स वेगळा. पीडीएफबरोबर फॉन्टही बांधून दिलेला असतो, म्हणून पान डोळ्यांना मराठी दिसतं. आत मराठीचा पत्ता नसतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका लेखककाकांनी स्वतःच्याच कादंबरीची अशी पीडीएफ कॅलिबरमध्ये घालून ईपब केली आणि किंडलवर टाकली. (कॅलिबर हे ई-पुस्तकांच्या फाइलचा प्रकार बदलणारं फुकट सॉफ्टवेअर कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरनं केलेलं आहे. ई-रीडर घेतलात की ते लागणारच.) समर्पणाच्या पानावर बायकोच्या नावाच्या जागी दोन कंस आणि एक डॉलर. पुढे सगळा तसाच आनंद. पानांचे आकडे तेवढे इंग्रजी होऊन शाबूत राहिलेले. काका म्हणाले, ‘पीस खराब आलाय, परत करतो.’ पीस ठणठणीत होता. अशा फाइलचा मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि मग ओळन्‌ओळ तपासावी लागते. एखाद्या आवडत्या पुस्तकासाठी एवढी खटपट ठीक आहे. चाळीस पुस्तकांसाठी कुणी करत नाही. ती पानं जशी आहेत तशीच वाचायची, आणि त्यासाठी स्क्रीन मोठा हवा.

किती मोठा? हिशोब सोपा आहे. आपल्या कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात निघतात, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरचा स्क्रीन प्रत्यक्षात 3.6 बाय 4.8 इंचांचा असतो, कारण सहा इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. त्यात डेमीचं पान कोंबलं की बारा पॉइंटचा टाइप सात पॉइंटच्या आत जातो. सात पॉइंटमध्ये आम्ही पुस्तकात तळटीपसुद्धा लावत नाही. 7.8 इंची स्क्रीन 4.7 बाय 6.2 भरतो, चारी बाजूंचा समास कापून टाकला तर डेमीचा मजकूर जवळजवळ मूळ मापात बसतो. दोन कॉलमी दिवाळी अंक आणि जुनी मोठी स्कॅन वाचायची असतील तर 10.3 इंचाखाली बघूच नका. उलट, फक्त विकतची ई-पुस्तकं वाचणार असाल तर सहा-सात इंच उत्तम. एका हातात राहतो, बसमध्येही काढता येतो. विकतच्या पुस्तकात अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं पडतात, त्यामुळे पानाच्या मापाचा प्रश्नच येत नाही. तरी खरेदीआधी नमुना उतरवा. फोनवरच्या किंडल ॲपमध्ये तो फुकट मिळतो. अक्षर वाढवा. ओळी नव्यानं पडल्या तर ठीक. नुसतं पान झूम होत असेल तर ते छापील पानच तसंच्या तसं चढवलेलं आहे.

इंचाला 300 ठिपके असलेलाच स्क्रीन घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मॉडेलांत 167 असतात. इंग्रजी त्यात खपून जातं, पण आपला रफार आणि डोक्यावरचा अनुस्वार बारीक अक्षरात पुसट होतो, आणि मराठीत अर्धी वाक्यं अनुस्वारावर उभी असतात. अक्षरांची परीक्षा घ्यायची तर हे शब्द उघडून बघा: दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय. ‘ऱ्या’चा र सुटा पडून खाली पाय मोडलेला दिसला, किंवा ‘द्ध्व’ फुटला, तर त्या यंत्राला किंवा फाइलला देवनागरी धड येत नाही. फॉन्ट आवडला नाही तर बदलता येतो: किंडल काय किंवा कोबो काय, केबलनं जोडून ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची. मी ‘तिरो देवनागरी मराठी’ सुचवते. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, आणि त्यातले ल आणि श आपले आहेत, हिंदी वळणाचे नाहीत.

बाकीच्या गोष्टी पटकन. उजेड स्क्रीनच्या कडेच्या दिव्यांतून पानावर पडतो, मोबाइलसारखा मागून डोळ्यांत येत नाही. पिवळसर उजेडाची सोय रात्री वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावी. ई-इंकमध्ये, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनमध्ये, वीज मुख्यतः पान उलटतानाच लागते, म्हणून बॅटरी आठवड्यांच्या भाषेत मोजतात. रंगीत स्क्रीन पहिल्या खेपेला नको: रंगाच्या थरामुळे पान काळसर दिसतं आणि रंगीत भाग 150 ठिपक्यांवर येतो. साठवण 16 जीबी पुष्कळ झाली. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर पान उलटायची बटणं असलेला बघा, थरथरत्या बोटाला टचस्क्रीन दोनदोन पानं उलटतो. किमती हलत असतात. एप्रिल 2025 मध्ये किंडलचा नवा पेपरव्हाइट भारतात आला तो 16,999 रुपयांना.

पैसे यंत्रावरच संपले तरी वाचायला कमी पडत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन मुक्त होतं. 1950 साली गेलेल्या साने गुरुजींचं 2011 पासून आहे. मराठी विकिस्रोतावरून अशी पुस्तकं ईपब म्हणून उतरवता येतात, आणि तो मजकूर युनिकोड असल्यानं सहा इंचांवरही छान वाहतो.

जुना घेणार असाल तर विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं खातं यंत्रातून काढायला लावा आणि तुमचं घालून बघा, मगच पैसे द्या. नवा घेतलात तर खोकं आणि बिल परतीची मुदत संपेपर्यंत जपा, आणि त्या मुदतीत तुमच्याकडची सगळ्यात वाईट पीडीएफ आधी उघडा.